शाल पांघरलेलं पिंप

"वाइन काय, द्राक्षं आपली आपणच करतात! माणसानं फक्त मधे लुडबुड करायची नाही!"

जानेवारीतल्या एका रविवारी, चर्चमधली प्रार्थना आटोपून गुत्त्यात पत्ते कुटता कुटता, सेवेरीनोनं हे जाहीर केलं. ऐकून आम्ही सगळ्यांनी हातातले पत्ते खाली ठेवले. एक तर तो हरत होता, आणि दुसरं म्हणजे सेवेरीनो हा दगडाचा माणूस! उभा जन्म प्रूनच्या खाणीत गेलेला. आमच्या फुमानेच्या खोऱ्यात द्राक्षमळ्यांना आधार देणाऱ्या ज्या दगडी ताली आहेत, त्यांतल्या निम्म्या त्याच्या हातच्या. कुठली ताल पोटातून फुगलीय हे तो रस्त्यावरून जाता जाता सांगेल. पण तालीच्या वर जे उगवतं त्याच्याशी त्याचा संबंध यायचा तो थेट पेल्यात आल्यावर. त्याआधीचं सगळं खातं निवेसचं.

निवेस म्हणजे त्याची बायको. डिसेंबरात, संत लुचियाच्या सणाच्या तोंडावर ती गेली होती. तेव्हापासून सेवेरीनो दाढी करायचा, कपडे घालायचा, गुत्त्यात यायचा आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलायचा. आम्ही समजून होतो.

"तू करणार रेचोतो?" गुत्तेवाला म्हणाला. "अरे, तुला द्राक्ष आणि मनुका यातला फरक तरी कळतो का?"

"त्यात काय कळायचंय? माळ्यावर आहेत ती द्राक्षं, तळघरात आली की वाइन!"

कुणी हसलं नाही. रेचोतो म्हणजे सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन, आणि माळ्यावरची ती द्राक्षं निवेसनं सप्टेंबरात स्वतःच्या हातानं खुडलेली होती. तीसुद्धा अख्खे घड नव्हेत. घडाच्या वरच्या बाजूला दोन झुबके बाहेर आलेले असतात ना, सगळं ऊन खाणारे, त्यांना आम्ही कान म्हणतो. निवेस फक्त कान घ्यायची. ते बांबूच्या तट्ट्यांवर एकेक करून पसरायची, आणि मग थंडी संपेपर्यंत तिचं अर्धं आयुष्य माळ्यावर. धुकं आलं, खिडक्या बंद कर! लेसीनाच्या डोंगरावरून वारा सुटला, खिडक्या उघड! एक मणी बुरसला की उचल! त्या वर्षी शरदात धुकं काही हटेना. ती खोकत खोकत जिना चढायची आणि खोकत खोकत उतरायची. सेवेरीनो म्हणायचा, "अगं, द्राक्षांना पडसं होत नाही, तुला होईल." यावर ती त्याच्याकडे बघायची. नुसतं बघायची!

या बघण्याबद्दल सांगितलंच पाहिजे. निवेस बोलायला अगदी कमी. पण सेवेरीनोनं काही वेड्यासारखं केलं की ती डावा डोळा बारीक करायची, नाक मुरडायची आणि ओठ आवळून एका बाजूला न्यायची. बस! लग्नाच्या मेजवानीत सेवेरीनोनं पाद्रीबाबांना विनोद सांगितला, तेव्हा हे तोंड आम्ही पहिल्यांदा पाहिलं. मग दर सणाला, दर रविवारी. सेवेरीनो हात पसरून विचारायचा, "आता काय केलं मी?" आणि निवेस उत्तर म्हणून कधी द्यायची नाही. इतक्या वर्षांत एकदासुद्धा नाही. बिचाऱ्याला आपले गुन्हे स्वतःच शोधून काढावे लागायचे.

वेरोनाच्या इस्पितळात ती शेवटी त्याच्याशी बोलली, ते मात्र नीट शब्दांत बोलली. त्यांच्या लेकीला, लोरेत्ताला, तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. निवेस म्हणाली, "यंदाची वाइन लोरेत्ताच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला काढ. पहिला थेंब बोटानं त्याच्या ओठाला लावायचा. माझ्या आईनं माझ्या पोरीला लावला होता तसा. गोड राहू दे मात्र." सेवेरीनो म्हणाला, "राहील." त्याच्या हातात तिचा हात होता आणि तो बर्फासारखा गार होता. तिला जन्मभर थंडीचा त्रास. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी ती पांघरुणात शिरली की आधी आपले गारठलेले पाय त्याच्या पोटऱ्यांना लावायची, आणि तो किंचाळायचा. आता कुणी लावत नव्हतं, तर त्याला झोप येत नव्हती.

तर अशी ही एका लहान पिंपाची वाइन. निवेसच्या हातचं जगात आता तेवढंच उरलं होतं.

निवेसची थोरली बहीण ओनोरिना मदतीला आली. ओनोरिना म्हणजे साधीसुधी बाई नव्हे! ती रस्त्यानं निघाली की कुत्रीदेखील अंगणात जाऊन बसायची. तिनं द्राक्षं चुरून घेतली, काही दिवस सालासकट मुरवली, रस गाळून पिंपात भरला, आणि पदर खोचावा तसा ॲप्रन खोचून सेवेरीनोला समोर उभं केलं.

"नीट ऐक. रेचोतो गोड राहायला हवी असेल तर तिला गार ठेवायचं. तळघराची उत्तरेची खिडकी सताड उघडी. ती गुरगुरायला लागली की दुसऱ्या पिंपात ओतायची, खालचा गाळ फेकून द्यायचा. परत गुरगुरली, परत ओतायची. उपाशी आणि गारठलेली राहिली पाहिजे. कळलं?"

"कळलं, ताई."

"नाहीतर ती आपली सगळी साखर खाऊन टाकते आणि कडूजहर होते. निसटते मग ती. आणि एकदा निसटली की परत येत नाही."

"अहो, कळलं म्हटलं ना!"

"मी रोज येते बघायला."

"काही गरज नाही! माझ्या बायकोची वाइन आहे, मी बघीन!"

ओनोरिनानं ॲप्रन सोडला. मग जाता जाता दारातून म्हणाली, "दया दाखवू नकोस हं तिला." आता पिंपावर दया कोण दाखवणार? सेवेरीनोला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय.

पहिला आठवडा बरा गेला. मग लेसीनावरून असा काही वारा सुटला की अंगणातल्या चेरीच्या फांद्या काचेच्या झाल्या. सेवेरीनो संध्याकाळी तळघरात गेला. उत्तरेची खिडकी सताड उघडी. पिंप आतून हलकेच बुडबुडत होतं. थांबत होतं, परत बुडबुडत होतं. एखादं माणूस गारठून पुटपुटावं तसं. त्यानं पिंपावर हात ठेवला.

गार! आणि हा गारवा त्याच्या ओळखीचा होता. इस्पितळातला.

त्यानं खिडकी लावून घेतली. मग जिन्यापर्यंत गेला, परत आला. "हे बघ," तो पिंपाला म्हणाला, "तुझ्या बहिणीनं सांगितलंय. माझा नाइलाज आहे." पिंप बुडबुडलं. "असं करू नकोस गं," सेवेरीनो म्हणाला.

आणि मग त्यानं ते पिंप उचललं! दगड उचलणारा माणूस तो, पण वय काय, जिना केवढा अरुंद! अर्ध्यात पिंप आणि सेवेरीनो दोघंही भिंतींमध्ये अडकले. वर जाता येईना, खाली सोडता येईना. दोन्ही हातांनी पिंपाला मिठी, गाल पिंपाला चिकटलेला, आणि कानात बुडबुड. घाईत नाही, धांदलीत नाही, तो तसाच उभा राहिला. जरा वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपल्याला सुटायची तितकीशी घाई नाहीये. निवेस गेल्यापासून त्यानं कुणाला इतका वेळ धरलं नव्हतं. शेवटी कोटाचं एक बटण आणि कोपराची साल देऊन तो सुटला, आणि पिंप स्वयंपाकघरात चुलीशेजारी येऊन बसलं.

"आता बरं वाटेल," सेवेरीनो म्हणाला. आणि खरंच, सकाळपर्यंत पिंप कसं खुशीत गुरगुरायला लागलं! सेवेरीनोला वाटलं, बघा! हीच तर तिला हवी होती, ऊब!

दुसऱ्या दिवशी त्यानं पिंपावर निवेसची लोकरी शाल घातली. चार दिवसांनी वर तिचा डोक्याचा रुमाल बांधला, कारण बुचातून वारा जाईल. आणि मग बोलणं सुरू झालं. दुपारी खाणीतून आला की बूट काढता काढता सकाळपासूनचं सगळं सांगायचा, आणि पिंप मधे मधे हुंकार भरायचं. निवेसपेक्षा जास्तच भरायचं म्हणा ना!

आता आली जेल्मिना.

जेल्मिनाबाई शेजारच्या. दोन घरांच्या मधे एक हात जागा, आणि तिकडे सेवेरीनोच्या स्वयंपाकघराची खिडकी. जेल्मिनाचा धुण्याचा दगडही नेमका तिथेच. ती काही चोरून ऐकत नव्हती हो! ती धूत होती. तोच एक टॉवेल, पण धूत होती. आणि आतून तिला ऐकू आलं,

"सरक, चुलीजवळ सरक. शाल नीट घे. हं, आज कालपेक्षा गरम लागतेस!"

जेल्मिनाच्या हातातून टॉवेल पडला.

"थोडी मक्याची पोलेंता उरलीय, पण तू काही खायची नाहीस, मला माहितीय. तुझं सगळं आतल्या आत चाललेलं असतं."

जेल्मिना दगडावर बसली.

"असं कर, आज मी इथेच झोपतो. तुझ्याशेजारी. खुर्ची ओढून."

झालं! जेवणाच्या वेळेपर्यंत बातमी फुमानेपर्यंत उतरली होती. सेवेरीनोनं बाई ठेवलीय! निवेसच्या कबरीवरची माती बसली नाही अजून! कुणी म्हणालं, पलीकडच्या नेग्रार गावची विधवा आहे. कुणी म्हणालं, विधवा कसली, तिशीची आहे आणि आजारी आहे, सारखी शालीत असते. गुत्तेवाल्यानं तर शपथेवर सांगितलं की परवा खिडकीतून त्यानं तिची पाठ पाहिली, बाई अंगानं चांगली गोलमटोल आहे आणि डोक्याला निवेसचाच रुमाल बांधलाय!

"निवेसचा रुमाल?" मी म्हटलं.

"निवेसचा! निर्लज्जपणा बघ!"

आणि खोटं कशाला सांगू, मीही त्या दिवशी सेवेरीनोला पाहून रस्ता ओलांडला. त्याला काही कळलं नाही. त्यानं आपला हात हलवला आणि हसला. निवेस गेल्यानंतर पहिल्यांदाच हसला तो. आम्ही म्हटलं, बघा कसा हसतोय!

बातमी वेरोनाला लोरेत्ताच्या कानावर गेली. तिनं गुत्त्यातल्या टेलिफोनवर बापाला बोलावून घेतलं. आम्ही सगळे पत्त्यांत डोकं घालून, कान टवकारून.

"बाबा, घरात कोण आहे?"

"कोण असणार? मी आणि ती."

तिकडून लोरेत्ता रडायला लागली. सेवेरीनोला वाटलं, आईच्या आठवणीनं रडतेय. त्यालाही भरून आलं. म्हणाला, "रडू नकोस गं. ती अगदी मजेत आहे. मी तिला गार पडू देत नाही. बाळाच्या बाप्तिस्म्याला तूच भेटशील ना तिला!" तिकडून टेलिफोन ठेवल्याचा आवाज आला. सेवेरीनो आमच्याकडे वळून म्हणाला, "दिवस गेलेल्या बायका हळव्या होतात."

मार्चमध्ये, संत जोसेफच्या सणाच्या आधी, ओनोरिना पाद्रीबाबांना घेऊन निघाली. आमचे फादर इलारियो म्हणजे देवमाणूस, पण भित्रे. ते सारखे म्हणत होते, "बाई, आधी दार वाजवूया." ओनोरिनानं दार वाजवलं नाही, दार उघडलं! मागे जेल्मिना. तिच्या मागे आम्ही. आम्ही म्हणजे, रस्त्यानं चाललो होतो.

चुलीजवळ सेवेरीनो खुर्चीत बसून डुलक्या घेत होता. त्याचा एक हात निवेसच्या शालीवर, शालीत पिंप, पिंपावर रुमाल.

मग जेल्मिना पुटपुटली, "अगं बाई, ही होय ती!" फादर इलारियोंनी कपाळावर क्रूस काढला, आणि नंतर त्यांना असं हसू फुटलं की त्यांनी तोंडावर टोपी धरली. जेल्मिना हसली, गुत्तेवाला हसला, मी हसलो. सेवेरीनो दचकून उठला आणि म्हणाला, "आता काय केलं मी?"

फक्त ओनोरिना हसली नाही. तिनं शाल बाजूला केली आणि पिंपावर हात ठेवला.

"कधीपासून आहे ही इथे?"

"थंडी पडली तेव्हापासून. ताई, तिकडे किती गारठा होता माहितीय? बिचारी..."

ओनोरिनानं बूच काढलं, एक पळीभर वाइन काढली आणि जिभेवर घेतली. आणि तिचं एवढं करारी तोंड, ते असं उतरलं की आमचं हसू जागच्या जागी थांबलं.

"निसटली," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सगळी साखर खाऊन बसलीय. गोडाचा थेंब नाही राहिला. अरे, म्हटलं होतं ना तुला, गार ठेव म्हणून!"

सेवेरीनोनं तिच्या हातातली पळी घेतली आणि चाखली. वाइन काळीभोर, जडशीळ, आणि शेवटी घशाशी कडू. आता दऱ्याखोऱ्यांतले मोठे कारखानदार अशी वाइन मुद्दाम करतात आणि ऐटबाज बाटल्यांत भरून परदेशी पाठवतात, ते मला ठाऊक आहे. पण निवेसच्या घरात तिला वाया गेलेलीच म्हणायचे. आणि सर्वांत वाईट गोष्ट मी तुम्हाला सांगतो, जी सेवेरीनोनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितली. त्याला ती आवडली! जन्मभर त्यानं बायकोची गोड वाइन बिस्किटं बुडवून, तोंड वाकडं न करता गिळली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातची त्याच्या जिभेला आवडेल अशी झाली, आणि हे ऐकायला ती नव्हती.

तो खुर्चीत बसला. "तिनं एकच गोष्ट मागितली होती," तो म्हणाला. "एकच. आणि मी ती शेकोटीशी बसवून मारली."

आम्ही टोप्या उचलून एकेक करून बाहेर पडलो. अंगणात जेल्मिना म्हणाली, "मी टॉवेल धूत होते हो फक्त."

पिंप परत तळघरात गेलं. घरात बाई वगैरे कुणी नाही एवढं लोरेत्ताला कळवलं, पण वाइनचं काही सांगायचं नाही असं ठरलं. पोटुशी आहे, कशाला जिवाला घोर? उन्हाळ्यात तिला मुलगी झाली, ज्यूदित्ता. बाप्तिस्मा ठरला नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सुमाराला, द्राक्षांची कामं उरकल्यावर. लोरेत्ता चिठ्ठी पाठवून पाठवून विचारायची, बाबा, आईची वाइन तयार आहे ना? जावई सगळ्यांना सांगत सुटला होता, आमच्या सासूबाईंच्या हातची शेवटची रेचोतो!

मग सेवेरीनोनं बेत केला. नेग्रारला जाऊन दुकानातून चांगली गोड रेचोतो आणली, आणि निवेसच्या निळ्या सुरईत ओतून ठेवली. "कुणाला कळतंय?" तो ओनोरिनाला म्हणाला. "गोड ती गोड!"

"मला कळेल."

"तुम्ही तोंड बंद ठेवा म्हणजे झालं."

ओनोरिनानं तोंड बंद ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच, त्यामुळे तिला ठसका लागला.

बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर फोटो काढायला सगळे थांबले. जावयाकडच्या मंडळींना फोटोंचं भारी वेड. फादर इलारियोंना भूक लागली होती, म्हणून ते पुढे सटकले आणि सेवेरीनोच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. चुलीवर मांस उकडत होतं, त्यावर घालायच्या पेआराच्या रश्श्याचा मिरेदार वास सुटला होता. टेबलावर बदामाची बिस्किटं होती. आणि बिस्किटांशेजारी निळी सुरई.

सेवेरीनो धापा टाकत पोचला तेव्हा सुरई आडवी होती आणि फादर रुमालानं डोळे पुसत होते.

"सेवेरीनो," ते हुंदका देत म्हणाले, "क्षमा कर मला. एक घोट घ्यायला गेलो, आणि मग थांबवेना! काय ती गोडी! मला वाटलं, ती इथेच कुठेतरी उभी आहे. असा हात आता होणे नाही!"

बिस्किटंही संपली होती.

आता त्यांना काय सांगणार? की फादर, तुम्ही ज्या वाइनवर एवढे रडलात ती दुकानातली? सेवेरीनोनं त्यांच्या पाठीवर थोपटलं. म्हणाला, "रडू नका फादर, तिला आवडलं असतं." आणि तसाच तळघरात उतरला.

बाहेरून आवाज आले. लोरेत्ता हाक मारत होती, "बाबा, आईची वाइन आणा ना! ज्यूदित्ता जागी आहे तोवर!"

सेवेरीनो पिंपासमोर उभा होता, हातात रिकामी सुरई घेऊन. मागून जिन्यावर ओनोरिनाची पावलं वाजली.

"नेग्रारला पळू का, ताई?"

"फोटो काढणारी मंडळी दारात आलीत. कुठे पळतोस?"

"मग पोरीला काय सांगू? की तुझी आई गोड म्हणाली होती आणि मी..."

ओनोरिना खालच्या पायरीवर बसली. गुडघे दुखायचे तिचे. "सेवेरीनो," ती म्हणाली, "फादर प्यायले ती कुणाच्या हातची होती?"

"दुकानदाराच्या."

"आणि ही?"

सेवेरीनो पिंपाकडे बघत राहिला. हे कान तिनं खुडले होते. खोकत खोकत तट्ट्यांवर लावले होते. धुकं आलं की खिडक्या लावायला तीच धावली होती. कडू त्यानं केली, पण आहे ती तिचीच.

"हिच्यात तीही आहे आणि तूही आहेस," ओनोरिना म्हणाली. "कुणी संसार केला होता, मी की तुम्ही दोघांनी? भर सुरई."

वर सगळे टेबलाभोवती उभे होते. जावयाकडची मंडळी पेले पुढे करून, फादर लाल डोळ्यांनी, जेल्मिना नव्या टॉवेलानं ताटं पुसत. सेवेरीनोनं सुरई टेबलावर ठेवली आणि घसा खाकरला.

"लोरेत्ता, ही गोड नाहीये."

"म्हणजे?"

"निसटली. माझ्यामुळे. गार ठेवायला सांगितलं होतं, मी चुलीजवळ ठेवली." त्यानं सुरईवर हात ठेवला. "हात लावला तर ती इतकी गार होती गं. मला बघवेना."

लोरेत्ता बापाकडे बघत राहिली. तिला तो टेलिफोन आठवला असावा, मी तिला गार पडू देत नाही म्हणणारा. तिचे डोळे भरले. आणि ती फक्त एवढंच म्हणाली, "आईला थंडी फार वाजायची, बाबा."

"हो ना! पाय तर असे असायचे..." सेवेरीनो म्हणाला आणि त्यानं सुरई पुढे ओढली.

जावयाची आई हळूच म्हणाली, "मग बाळाला नको हं लावायला, कडू आहे तर." ओनोरिनानं तिच्याकडे वळून नुसतं पाहिलं, आणि त्या बाईनं आपला पेला खाली ठेवला.

"ताई, तुम्ही लावा," सेवेरीनो म्हणाला. "आजीच्या जागी तुम्ही."

"माझं बोट कशाला? तिनं तुला सांगितलं होतं. तूच लाव."

सेवेरीनोनं आपलं बोट पाहिलं. खाणीत ठेचलेलं, नख काळं पडलेलं, लहान बाळाच्या तोंडाएवढं जाड. त्यानं ते अंगरख्याला पुसलं, परत पुसलं, आणि वाइनमध्ये बुडवलं. लोरेत्तानं ज्यूदित्ताला पुढे केलं. पांढऱ्या झग्यात ती टक्क डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती. चुलीवरचं भांडं तेवढं वाजत होतं.

त्यानं थेंब तिच्या ओठाला लावला.

ज्यूदित्तानं जीभ बाहेर काढली. चाटली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तिनं डावा डोळा बारीक केला, नाक मुरडलं, आणि ओठ आवळून एका बाजूला नेले.

जेल्मिनाच्या हातातून ताट पडलं. लोरेत्तानं तोंडावर हात धरला. ओनोरिना मटकन खुर्चीत बसली, हसतेय की रडतेय ते तिला स्वतःलाही कळलं नसेल. आणि सेवेरीनो? त्याच्या गालांवरून पाणी घळाघळा वाहत होतं, पण एवढ्या वर्षांची सवय, ती कुठे जाणार! त्यानं दोन्ही हात पसरले, कडू वाइननं लाल झालेल्या बोटासकट, आणि विचारलं,

"आता काय केलं मी?"

ज्यूदित्ता त्याच्याकडे बघत राहिली. उत्तर काही तिनंही दिलं नाही.